चुकलेल्या वहीतले बरोबर नऊ

गुंडूबुवा, पेटीचा सूर तेवढा धरून ठेवा, बोटं हलवू नका. तुमची बोटं हलायला लागली की ही मंडळी माझं ऐकत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

हं. मंडळी, ऐका. आज आधी प्रश्न, मग गोष्ट. एखादी गोष्ट तुम्ही म्हणालात, आणि ती अगदी तश्शीच घडली. मग ती तुम्ही घडवली का? बोला की! पुढच्या रांगेत माना हलल्या... 'आम्हीच, दुसऱ्या कुणी?' बरोबर आहे तुमचं. काही बिघडलं की आपण वर बघतो: देवा, हे काय केलंस? आणि जमलं की? जमलं की आरशात बघतो!

आता गोष्ट. दुपारी विश्वस्त मला विचारत होते, बुवा, आज आख्यान कुठलं? म्हटलं, बास्केटबॉलच्या सामन्याची आकडेवारी, अंदाज आणि भाव. त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला! ताप नाही म्हटल्यावर म्हणाले, बघा बुवा, देवळात आहात. म्हटलं, देव काय फक्त देवळातच असतो? तो खेळाच्या मैदानावरही असतो, आणि तिथं तर त्याला तिकीटही काढावं लागत नाही.

आजी, तुम्हाला खेळ सांगतो, घाबरू नका. एक लांबलचक मैदान. दोन्ही टोकांना, उंचावर, एकेक टोपली. आणि गंमत अशी की टोपलीला बूडच नाही. पाच जणी इकडच्या, पाच जणी तिकडच्या. चेंडू त्या बिनबुडाच्या टोपलीत टाकायचा, तो खाली पडतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. आपल्या संसारासारखंच आहे की! भर भर भरतो, आणि टोपली रिकामी ती रिकामीच.

यातली एकच गोष्ट पदराला बांधून ठेवा. ही माझ्या उजव्या हाताची समई, समजा एक टोपली. ही डाव्या हाताची समई, दुसरी टोपली. पूर्वार्धात आपला संघ उजव्या समईत चेंडू टाकतो. मध्यंतर झालं की बाजू बदलायची, आणि आपला संघ डाव्या समईत टाकायला लागतो. कळलं? तिकडचे इकडे, इकडचे तिकडे. एवढं ध्यानात राहिलं की आख्यान तुमचं.

तर, येरळा नदीच्या काठी कुंभारखेड नावाचं गाव. तिथं साबडे सर राहायचे. निळकंठ साबडे. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. एकतीस वर्षं पोरांनी त्यांना बघून रस्ता बदलला! निवृत्त झाले, आणि गाव त्यांना विसरून गेलं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी शरयूताई, दोघंच. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर. गणिताच्या माणसाला गणित लागतं हो. वाण्याच्या दुकानात उगाच उभे राहायचे आणि त्याची बेरीज तपासायचे. शेवटी वाण्यानंच हात जोडले.

अशात आली लीग. चार जिल्ह्यांतल्या पोरींचे संघ, प्रत्येकाला एकेका नदीचं नाव. कोयना, नीरा, आणि आपली येरळा. पोरी पगारी खेळाडू, टीव्हीवर सामने, सगळा थाट. कुंभारखेडला नवं बंदिस्त क्रीडागृह झालं होतं, येरळेचे घरचे सामने तिथं व्हायचे. आणि तालुक्याच्या एका छोट्या दैनिकाला हवा होता माणूस. कशाला? सामन्याआधी आकडेवारी मांडून अंदाज लिहायला. कोणाची सरासरी किती, कोणाच्या किती फेकी आत जातात, मागचे पाच सामने कसे गेले, आणि शेवटी: अमुक संघ इतक्या गुणांनी जिंकेल.

आता हे लिहिलं की वाचणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांना खेळ आवडतो. दुसरे, ज्यांना भाव आवडतो! चहाच्या टपरीवर, मोबाईलवर, कोण किती लावतो, कुणाला एकास किती. फौजदारसाहेब दुसऱ्या रांगेत बसलेत, साहेब, तुम्ही आरामात बसा. सट्टा गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे, मी फक्त गोष्ट सांगतोय.

साबडे सरांनी ते काम घेतलं, आणि माणूस पुन्हा जिवंत झाला. पण ते इतरांसारखं नाही करायचे हो! गुण तर काय, फळ्यावर लागतात, ते कुणीही लिहील. सरांनी वेगळीच गोष्ट मोजायला घेतली. आखूड पडलेला चेंडू! दमलेल्या हाताचा चेंडू आखूड पडतो, टोपलीच्या लोखंडी कड्याच्या अलीकडे. ताज्या हाताचा चुकला तरी पलीकडे जाऊन आदळतो. बाई पाण्याची घागर उचलते तेव्हा तिसऱ्या खेपेला हात कसा खाली येतो? तसं. म्हणजे उत्तरार्धात कोणाचे चेंडू आखूड पडतात ते मोजलं, की कोण दमतं ते कळलं. आणि कोण दमतं ते कळलं, की कोण हरणार ते कळलं! भारतात कोणी मोजत नसेल असं मोजायचे सर. त्या बुद्धीला माझा नमस्कार आहे मंडळी. मी थट्टा करतोय, पण हे थट्टेचं काम नव्हे.

मोजायची रीत काय? एक लांब वही. डावं पान डाव्या टोपलीचं, उजवं पान उजव्या टोपलीचं. पानांवर वर संघाचं नाव. चेंडू आखूड पडला की त्या पानावर एक रेघ, शेजारी मिनिटाचा आकडा. आणि मध्यंतर झालं की? बाजू बदलल्या! मग सर अख्खी वही फिरवायचे, वरची बाजू खाली. डावं पान उजवीकडे, उजवं डावीकडे. संघाची नावं आपोआप आपापल्या टोपलीसमोर. किती सोपं! पहिल्या वर्षाच्या वह्या बघितल्यात तर अर्धे आकडे सरळ आणि अर्धे उलटे, डोक्यावर उभे.

दुसऱ्या वर्षी येरळा बरी खेळायला लागली. सरांचं नाव झालं. आयोजक म्हणाले, सर, असं कोपऱ्यात बाकावर काय बसता? गादीची खुर्ची आली. मध्यंतराला आत बोलावणं आलं, चला सर, चहा घ्या, वडा घ्या, आमदारसाहेब आलेत, तुमची ओळख करून देतो. एकदा तर शाल आणि नारळ! ज्या माणसाला बघून पोरं रस्ता बदलायची, त्याला शाल! सर आतून बाहेर यायचे तोवर उत्तरार्ध सुरू झालेला. घाईघाईनं खुर्चीत बसायचे, पेन्सिल उचलायची, आणि रेघा ओढायला लागायचे.

ओळखलंत? ओळखलंत ना? नाही, सांगू नका. सरांना अजून कळायचंय.

पाच सामने असे गेले. मग आला उपांत्य सामना. येरळा विरुद्ध कोयना. कोयना म्हणजे काय! चौदातले बारा सामने जिंकलेली. सरासरी अठ्ठ्याहत्तर गुण. येरळा सहा सामने हरलेली, सरासरी एकोणसत्तर. पुण्या-मुंबईचे सगळे जाणकार एका तोंडानं म्हणाले, कोयना बारानं. भाव येरळेला एकास सहा. म्हणजे येरळेवर रुपया लावणारा एक तर येडा, नाही तर तिचा मामा!

आणि तालुक्याच्या दैनिकात, आतल्या पानावर, साबडे सरांचा अंदाज आला: 'मध्यंतराला कोयना सहा गुणांनी पुढे राहील. उत्तरार्धात येरळेच्या खेळाडू दमत नाहीत, प्रतिस्पर्धी दमतात. अंतिमतः येरळा नऊ गुणांनी विजयी.'

गाव हसलं. टपरीवर मोठ्यांदा वाचून हसलं. एकच माणूस हसला नाही. हैबती खोत. टेम्पोवाला. येरळा संघाचं सामान, पाण्याचे खोके, बर्फाच्या लाद्या नेण्या-आणण्याचं काम त्याच्याकडे. सरांचाच विद्यार्थी, आणि गणितात तीनदा नापास! नापास झालेल्या पोराचा मास्तरावर जेवढा विश्वास असतो ना, तेवढा पास झालेल्याचा नसतो. त्यानं पाचशे रुपये लावले येरळेवर.

रविवारी सामना झाला. मध्यंतराला कोयना पाचनं पुढं. सर एकानं चुकले, सोडून द्या. आणि शेवटी? येरळा चौऱ्याहत्तर, कोयना पासष्ट.

करा वजाबाकी. ... नऊ!

मंडळी, दहा नाही, आठ नाही. नऊ. कुंभारखेडमध्ये त्या संध्याकाळी काय झालं ते काय सांगू! सरांच्या दारात माणसं. पाया पडायला लागली हो. एक बाई नातवाला घेऊन आली, म्हणाली, याच्या डोक्यावरनं हात फिरवा, याला आकडे येत नाहीत. शरयूताई चहा करून करून थकल्या, पण चेहऱ्यावर काय तेज! चाळीस वर्षं 'अहो, जरा लोकांत मिसळा' म्हणत आलेली ती बाई. आज लोकच मिसळायला आले होते.

इथं आख्यान संपवलं असतं तर तुम्ही मला चांगली दक्षिणा दिली असतीत. पण पुढं ऐका.

मंगळवारची दुपार. जेवणं झालेली. शरयूताई मोबाईलवर एक चित्रफीत बघत होत्या. कुणीतरी पाठवली होती, सरांना शाल दिली त्या दिवसाची. शंभराव्यांदा बघत असतील.

"अहो, या ना. बघा तरी, कसे दिसताय."

सर लाजत लाजत आले. बघितलं. शाल, नारळ, टाळ्या. मग चित्रात ते खुर्चीत येऊन बसले, वही मांडीवर घेतली. मागं खेळ चालू झालेला. पिवळ्या बनियनवाल्या पोरी, म्हणजे आपली येरळा, डाव्या टोपलीत चेंडू टाकत होत्या. आणि चित्रातले सर वही न फिरवता भराभर रेघा ओढत होते.

सर उठले. कपाटातनं वही काढली. तो सामना उघडला. सगळे आकडे सरळ. एकही डोक्यावर उभा नाही. मागचं पान उलटलं. सरळ. त्याच्या मागचं. सरळ. पाचच्या पाच सामने, सगळी अक्षरं कशी नीट, सुबक, सरळ! सरळ अक्षर बघून घाम फुटलेला जगातला हा पहिला मास्तर असेल.

म्हणजे काय झालं? उत्तरार्धात जे चेंडू येरळेचे आखूड पडले ते लिहिले गेले समोरच्या संघाच्या नावावर, आणि समोरच्यांचे आले येरळेच्या नावावर. सर म्हणत होते येरळा दमत नाही. खरं काय? येरळाच दमत होती! पार गळून जात होती. सरांनी पुन्हा गणित केलं. वही फिरवली, आकडे जागच्या जागी आणले, आणि उपांत्य सामन्याचा अंदाज नव्यानं काढला. उत्तर आलं: कोयना वीस गुणांनी विजयी.

बरोबर गणिताचं उत्तर चूक. चुकीच्या गणिताचं उत्तर बरोबर. आणि नुसतं बरोबर नाही, नऊच्या नऊ!

सरांनी वही मिटली. शरयूताईंनी विचारलं, काय झालं? त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाईनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक तुमच्या वहीत आहे ना? गावात तर नाही. मग राहू दे वहीतच."

"अगं पण खोटं आहे ते."

"नऊ खोटे होते का? फळ्यावर लागले होते की नाही?" आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला फार बरं वाटलं हो दोन दिवस. तुम्हाला लोक नमस्कार करत होते."

आता सांगा, या बाईला दोष द्याल? मी नाही देणार. बायकोला नवऱ्याचा मान लागतो, आणि नवऱ्याला? नवऱ्याला तर त्याहून जास्त लागतो, फक्त तो बोलून दाखवत नाही. सरांनी वही परत कपाटात ठेवून दिली. बुधवार उजाडला. दैनिकाच्या संपादकांचे फोन: सर, अंतिम सामना, येरळा विरुद्ध नीरा, यंदा तुमचा अंदाज पहिल्या पानावर! सर म्हणाले, देतो.

बुधवारी संध्याकाळी शरयूताई गिरणीतनं दळण घेऊन आल्या. डबा खाली ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हैबतीची बायको भेटली गिरणीत. टेम्पो विकतोय म्हणाली."

"का?"

"तुमच्या अंदाजावर लावणार आहे सगळे. शनिवारी दहा वाजता कागद करणार. दोन लाख ऐंशी हजार." आणि पिठाच्या हातानं डोळे पुसत ती बाई म्हणाली, "ती खूश होती हो. मला म्हणाली, तुमच्या सरांनी आमचं नशीब काढलं."

मघाची चूक वहीत होती. आता ती गिरणीपर्यंत पोचली. त्यावर शरयूताईंनीच पेन आणून दिलं.

सरांनी लिहिलं: 'मागील अंदाज चुकीच्या नोंदींवर आधारलेला होता. मध्यंतरानंतर वही फिरवण्यास मी पाच वेळा विसरलो. अंदाज खरा ठरला, त्यात माझं श्रेय नाही. अंतिम सामन्यात कोण जिंकेल हे मला माहीत नाही. कृपया कोणीही माझ्या भरवशावर पैसे लावू नयेत. निळकंठ साबडे.'

शुक्रवारी छापून आलं. पहिल्या पानावर. आता लोक काय म्हणाले असतील? शिव्या दिल्या असतील? अहो, लोक म्हणाले: काय विनय आहे! काय साधेपणा! खरा ज्ञानी असाच असतो! दुपारी दाराशी आणखी चार माणसं पाया पडायला हजर! माणसाला एकदा डोक्यावर घेतलं ना, की तो स्वतः खाली उडी मारतो म्हणाला तरी आपण पाय घट्ट धरून ठेवतो.

शनिवारी सकाळी साडेनऊला हैबती आला. टेम्पो धुऊन पुसून, हार घालून आणलेला. हातात पेढ्यांचा पुडा. वाकून नमस्कार केला.

"सर, कागद करायला निघालोय. म्हटलं, आधी तुमच्या पायावर डोकं ठेवावं."

"हैबती, पेपर वाचलास ना?"

"वाचला की. मोठी माणसं असंच लिवतात." आणि जवळ सरकून हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू का? मला वाटलं, समदं गाव लावायला लागलं म्हणून भाव पडू नये, त्यासाठी तुम्ही तसं लिवलं. माझ्या एकट्याच्या कानात सांगा. येरळा कितीनं?"

सरांनी वही आणली. सरळ आकडे, उलटे आकडे, सगळं दाखवलं. हैबती मान डोलवत राहिला, जशी शाळेत डोलवायचा. म्हणजे डोक्यात काही जात नव्हतं! पावणेदहा झाले. टेम्पोचा खरेदीदार वाट बघत असेल. सर वही चाळत होते, आणि सहज म्हणून वाचून गेले, "हे बघ, शेवटचा घरचा सामना. उत्तरार्धात येरळेचे आखूड चेंडू, चार."

"किती?" हैबती म्हणाला.

"चार."

"सर, चार कसे असतील? मी डाव्या टोपलीच्या मागं पाण्याचे खोके घेऊन बसलो होतो. माझ्या अंगावर एक चेंडू आला नाही त्या दिवशी, समदे अलीकडंच टपाटप पडत होते. पोरींचे हात वर होत नव्हते सर. सामना झाल्यावर खांद्याला लावायला दोन लाद्या बर्फ लागला, मीच फोडला." आणि बोलता बोलता तो थांबला. वहीकडं बघितलं. सरांकडं बघितलं. "चार न्हाईत सर. हे चूक आहे."

तीनदा नापास झालेल्या पोरानं मास्तरांची चूक काढली! आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा साबडे सरांना एखाद्या पोराचा एवढा आनंद झाला. "तेच तर सांगतोय, बाळा."

हैबती खाली पायरीवर बसला. पेढ्यांचा पुडा मांडीवर. मग त्यानं एक प्रश्न विचारला, आणि मंडळी, एवढी शास्त्रं झाली, पुराणं झाली, पण त्या टेम्पोवाल्याच्या प्रश्नापुढं मी आजही हात जोडून उभा आहे.

तो म्हणाला, "मग सर... नऊ आणले कुणी?"

विचार करा! पोरी दमलेल्या. हात गळालेले. समोर कोयनेसारखा संघ. वही चुकलेली, मास्तर चुकलेला, जाणकार चुकलेले. सगळे चुकलेले, आणि फळ्यावर नऊ! कुणी आणले?

सर म्हणाले, "माहीत नाही."

माझी एक ओळ आहे मंडळी, चाल साधी आहे, गुंडूबुवा, आता हलवा बोटं. टाळ घ्या:

मोजले तेवढे माझे रे देवा, उरले तेवढे तुझे...

बस्स. एकदाच. दहा वाजून गेले, आणि हैबती कागद करायला गेला नाही.

रविवारी चार वाजता अंतिम सामना. सर गेले. हैबतीच्याच शेजारी, साध्या बाकावर. मांडीवर वही नाही, हातात पेन्सिल नाही. हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळेना. आणि त्या दिवशी, मंडळी, त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉल बघितला! दोन वर्षं तो नुसता आखूड चेंडू बघत होता. आता त्याला दिसलं, एक पोर हवेत उडते तेव्हा क्षणभर तिथंच थांबते. खाली यायचं विसरते. पाच जणींना न बोलता एकमेकींचं मनातलं कळतं. सरांचं तोंड उघडं ते उघडंच.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, कळलं पुढचं. येरळा हरली, टेम्पो वाचला, देव पावला. सट्टा वाईट, घरी जा. हो ना?

नाही! ऐका.

मध्यंतराला येरळा चौदानं मागं. पोरी दमल्या होत्या, सरांची दुरुस्त वही सांगत होती तशाच. चेंडू आखूड पडत होते. तेव्हा येरळेची कर्णधार हर्षदा, तिला ते कळलं. हात पोचत नाहीत ना? मग लांबून टाकायचंच सोडून दिलं. पाय ओढत ओढत आत घुसायची, पडायची, उठायची, पुन्हा घुसायची. चौदाचे नऊ झाले, नऊचे चार, चारचा एक. शेवटची सहा सेकंदं. आत जायला वाट नाही, दोघी आडव्या उभ्या. हर्षदानं तिथनंच चेंडू उचलला, आणि टाकला.

आखूड! सरांना हातातनं निघतानाच कळलं. दोन वर्षं त्यांनी शेकडो मोजले होते असे. चेंडू कड्याच्या अलीकडच्या कडेवर आदळला, वर उडाला, कड्यावर बसला, एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला... आणि आत पडला.

सरांच्या वहीत आखूड पडून आत गेलेल्या चेंडूला रकानाच नव्हता.

येरळा जिंकली. एका गुणानं. क्रीडागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि त्या गदारोळात सर मान खाली घालून बसले. का? येरळेचा भाव एकास तीन होता. हैबतीनं लावले असते, तर त्याला आठ लाख चाळीस हजार मिळाले असते. आठ लाख! सरांनी खरं बोलून त्या गरिबाचे आठ लाख घालवले होते.

सांगा आता. खरं बोलण्याचं हे फळ? देवानं असं का करावं? मला विचारू नका, मी कीर्तनकार आहे, देवाचा सेक्रेटरी नाही.

सर म्हणाले, "हैबती, माझ्यामुळं तुझे..."

हैबती मैदानाकडं बघत होता. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, हर्षदाचे हात तिच्या स्वतःच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हते, दुसरी पोर तिचे डोळे पुसत होती. हैबतीचेही डोळे भरलेले. तो म्हणाला, "बरं झालं सर."

"बरं? अरे आठ लाख..."

"लावले असते तर मी आता फळा बघत बसलो असतो. आणि जिंकलो असतो तर जन्मभर वाटलं असतं, माझं डोकं चाललं. पुढच्या सालाला घर लावलं असतं." मग उठला, खांद्यावर टॉवेल टाकला. "चला सर. पोरींना बर्फ लागंल. माझाच टेम्पो आहे."

आणि गणिताचे साबडे सर त्या टेम्पोत, मागं, बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसून गेले. थंडी वाजत होती त्यांना. पण उतरले नाहीत.

मंडळी, आता माझं सांगतो. लोक म्हणतात, बुवांनी काय आवाज कमावलाय! कमावला? अठराव्या वर्षी मी तलाठ्याच्या परीक्षेला निघालो होतो. चुकीच्या एसटीत बसलो. जिथं उतरलो तिथं देवळात कीर्तन चालू होतं, आणि झांजा धरायला माणूस नव्हता. हे माझं कर्तृत्व! परत जायला गाडी नव्हती, म्हणून मी बुवा झालो.

आणि तुम्ही? पोरीला चांगलं घर मिळालं, ते तुम्ही पारखून घेतलं म्हणून? त्या पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, तो तुमच्या धावपळीनं? घाटात ब्रेक लागला, तो तुम्ही वेळेवर दाबलात म्हणूनच? धावपळ करा, पारखून घ्या, ब्रेक तर दाबाच दाबा! साबडे सरांनी मोजणं सोडलं नाही हो, पुढच्या वर्षीही मोजलं, वही फिरवून मोजलं. पण अंदाजाच्या खाली दर वेळी एक ओळ लिहायचे: 'पुढचं पाहू या.'

घरी जाताना एवढंच करा. जे नीट चाललंय, त्यातलं एक काहीतरी उचला. घरात झोपलेलं लेकरू, स्वयंपाकघरात वाजणारं भांडं, आज सकाळी आलेली जाग, काहीही. आणि मनात विचारा: हे आणलं कुणी? उत्तर देण्याची घाई करू नका. 'मी' म्हणायला जीभ उचलेल, तिला थांबवा. थांबलात, आणि आतून 'माहीत नाही' आलं, तर बघा, हात आपोआप जुळतील. इथं मघापासून तुम्ही हात जोडून बसलात ना, ती सवय आहे. तो नमस्कार असेल.